म्युऑनचा भोवरा आणि आठव्या दशांशाचा तंटा

कृत्तिका

नमस्कार मंडळी,

परवा आमच्या नात्यातल्या एका काकांनी व्हॉट्सॲपवर बातमी पाठवली. सार असं की अमेरिकेतल्या फर्मीलॅब या प्रयोगशाळेतला म्युऑन या कणाचा मोठा प्रयोग संपला, नवा कण नाही, नवं बल नाही, हाती काही लागलं नाही. खाली काकांचा प्रश्न : "तू ज्याच्याबद्दल एवढं सांगत असतेस तो हाच ना गं?"

हाच. आणि हाती काही लागलं नाही हे खरं नाही. काकांना चार ओळींत उत्तर देणं जमेना, म्हणून हा धागा काढतेय. मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. संशोधक नाही, पण या एका आकड्याचा पाठपुरावा २००१ पासून करतेय.

त्या वर्षी फेब्रुवारीत मी पुण्यात एम.एस्सी. करत होते. आमच्या सरांनी वर्गात आल्या आल्या फळ्यावर दोन लांबलचक आकडे एकाखाली एक लिहिले आणि जिथे ते वेगळे पडत होते तिथे खडूने उभी रेघ मारली. वरचा आकडा न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत मोजलेला, खालचा गणिताने काढलेला. "रेघेच्या उजवीकडे काय चाललंय ते आज कुणालाच ठाऊक नाही," एवढंच म्हणाले आणि नेहमीचा भाग शिकवायला लागले. ती रेघ काही माझ्या डोक्यातून गेली नाही.

आता मुळापासून सांगते. म्युऑन हा इलेक्ट्रॉनचा थोरला भाऊ. विद्युतभार तेवढाच, वागणं तसंच, वजन मात्र २०७ पट. १९३६ मध्ये कार्ल अँडरसन आणि सेथ नेडरमायर यांना तो वैश्विक किरणांत सापडला. सरासरी २.२ मायक्रोसेकंद जगतो आणि फुटतो. पण दुर्मीळ म्हणाल तर अजिबात नाही. अंतराळातून येणारे वैश्विक किरण वातावरणाच्या वरच्या थरात आदळले की म्युऑन तयार होतात आणि दिवसरात्र खाली बरसत राहतात. हे वाचताना तुमच्या तळहातातून दर सेकंदाला साधारण एक आरपार जातोय.

लहानपणी ज्यांनी भोवरा फिरवला असेल त्यांना पुढचं सोपं जाईल. जाळी गुंडाळून भोवरा सोडला की आधी तो आरेवर ताठ घुमतो. जोर ओसरला की डुलायला लागतो, म्हणजे स्वतःभोवती फिरता फिरता त्याचा माथाही गोल फिरतो. हे डुलणं पृथ्वीच्या ओढीमुळे. म्युऑन हा एक इवलासा लोहचुंबक आहे. चुंबकीय क्षेत्रात ठेवला की तोही असाच डुलतो. किती जोरात डुलेल हे ज्या आकड्यावर ठरतं त्याला 'जी' म्हणतात.

१९२८ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ डिरॅक यांच्या समीकरणातून जी बरोब्बर २ आला. १९४७ मध्ये इलेक्ट्रॉनवर मोजून पाहिलं तर तो २ पेक्षा किंचित जास्त भरला. पुढच्याच वर्षी जूलियन श्विंगर यांनी ती वाढ कुठून येते ते गणिताने दाखवलं. निर्वात पोकळी रिकामी नसते. तिच्यात सतत कण उमटतात आणि विरतात, आणि प्रत्येकाचा थोडा थोडा धक्का त्या भोवऱ्याला लागतो. श्विंगर यांनी या धक्क्यांतला सगळ्यात मोठा वाटा काढला. या विषयात वाढीचं निम्मं लिहायची रीत आहे, ते आलं ०.००११६. ज्या सूत्रातून हा आकडा येतो ते त्यांच्या थडग्यावर कोरलेलं आहे.

माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. पोकळीतल्या त्या गर्दीत आपल्याला ओळखीचे कण असतात, तसे आपण अजून पाहिलेलेच नाहीत असेही असू शकतात. निसर्गात असा अनोळखी कण असेल तर त्याचाही धक्का मोजणीत येणारच, मग तो कुठल्या यंत्रात थेट दिसो वा न दिसो. आणि वजनदार कणांचा धक्का इलेक्ट्रॉनपेक्षा म्युऑनला साधारण ४३,००० पट जास्त जाणवतो. म्हणून जीमधून २ वजा करायचे, उरलेलं शेपूट अगदी बारकाईने मोजायचं (आकडा लिहिताना त्याचं निम्मं), ओळखीच्या सगळ्या कणांचा हिशोब मांडायचा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवायचे. प्रयोगाचं नावच 'म्युऑन जी वजा दोन'.

मोजतात कसं? सुमारे १४ मीटर व्यासाच्या एका कड्यात म्युऑन फिरवतात. चुंबकीय क्षेत्र १.४५ टेस्ला. एक फेरी १४९ नॅनोसेकंदांची. जी बरोबर २ असता तर म्युऑनच्या भोवऱ्याचा रोख आणि त्याच्या धावण्याची दिशा कायम एकत्र राहिली असती. पण ते शेपूट आहे म्हणून प्रत्येक फेरीला रोख सुमारे १२ अंशांनी पुढे सरकतो, आणि २९ फेऱ्या झाल्या की पुन्हा जुळतो. म्युऑन फुटतो तेव्हा त्यातून पॉझिट्रॉन, म्हणजे धन भाराचा इलेक्ट्रॉन, निघतो, आणि जास्त ऊर्जेचे पॉझिट्रॉन भोवऱ्याचा रोख असेल त्याच दिशेला जास्त करून जातात. कड्याच्या आतल्या बाजूला बसवलेली २४ शोधकयंत्रं ते मोजतात. काळाप्रमाणे त्यांची संख्या मांडली की वर-खाली होत होत मावळणारी लाट दिसते. त्या लाटेचा वेग म्हणजे आपलं उत्तर.

लाटेइतकंच चुंबकीय क्षेत्रही तंतोतंत माहीत असावं लागतं, आणि मला सगळ्यात भावतं ते हे काम. कड्यातलं क्षेत्र सगळीकडे सारखं व्हावं म्हणून जवळजवळ वर्षभर माणसं हजारो पातळ लोखंडी पत्र्याचे तुकडे हाताने लावत होती. इथे जरा उंच, तिथे जरा खाली, पुन्हा मोजा. १७ शोधक बसवलेली एक छोटी ट्रॉली कड्यात फिरवून दर काही दिवसांनी क्षेत्राचा नकाशा घ्यायचे. मोजणीच्या पहिल्या फेरीत लक्षात आलं की दालनाचं तापमान बदललं की लोखंड फुगतं-आकसतं आणि क्षेत्र हलतं. मग एवढ्या प्रचंड चुंबकाला उष्णतारोधक आवरण घातलं, आजीने गोधडी पांघरावी तसं. त्याच पहिल्या फेरीत ३२ विद्युतरोधांपैकी २ बिघडलेले निघाले. त्यांच्यामुळे म्युऑनांचा झोत किती सरकला असेल याचा हिशोब करण्यात महिनोन् महिने गेले. हे सगळं निकालाच्या लेखात लिहिलेलं आहे, काही लपवलेलं नाही.

आपल्याला हवं ते उत्तर नकळत आपल्या हातून काढलं जाऊ नये, म्हणून मुख्य घड्याळाचा वेग जाणूनबुजून थोडा बदलून ठेवला होता. किती बदललाय ते प्रयोगाबाहेरच्या दोघांनाच ठाऊक होतं. आकडा लिफाफ्यात बंद. सगळं विश्लेषण पुरं झालं, सगळ्यांनी मान्य केलं, मगच लिफाफा उघडायचा. त्यानंतर काहीही बदलायची मुभा नाही.

७ एप्रिल २०२१ ला पहिला निकाल, १० ऑगस्ट २०२३ ला दुसरा, ३ जून २०२५ ला शेवटचा. अंतिम अचूकता अब्जात १२७ भाग. म्हणजे मुंबई ते पुणे १५० किलोमीटर अंतर मोजायचं आणि चूक दोन सेंटिमीटरच्या आसपास. सुरुवातीला त्यांनी अब्जात १४० भागांचं उद्दिष्ट ठरवलं होतं; त्याहून सरस काम झालं.

आता फळ्यावरचे आकडे. मोजलेला, सगळे प्रयोग एकत्र करून : ०.००११६५९२०७१५. गणिताने काढलेला, २०२० चा : ०.००११६५९१८१०. आठव्या दशांशाला पाहा, तिथेच फाटाफूट. याच फरकाने वीस वर्षं जगभरच्या लोकांना झोपू दिलं नाही. आणि गणिताने काढलेला, २०२५ चा : ०.००११६५९२०३३.

मोजलेला आकडा जागचा हलला नाही. ब्रुकहेवनने २००६ मध्ये दिलेला आणि फर्मीलॅबने दिलेला, दोन्ही आपापल्या चुकीच्या मर्यादेत एकच आहेत. हललं ते गणित. नव्या गणिताची अनिश्चितता धरली तर आज दोघांत भांडण उरलेलं नाही.

गणित का हललं? हिशोबातला फोटॉन (प्रकाशाचे कण) आणि इलेक्ट्रॉन यांचा भाग फार पक्का आहे. तोइचिरो किनोशिता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या एका टप्प्यासाठी १२,६७२ आकृत्यांची बेरीज केली; प्रत्येक आकृती म्हणजे धक्का लागण्याची एक तऱ्हा. घोडं अडतं ते क्वार्कांच्या, म्हणजे प्रोटॉन ज्यांचे बनतात त्या कणांच्या, गर्दीपाशी. तिथे कागद-पेन्सिलीने हिशोब होत नाही. मग एक वाट अशी की इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवायचे, त्यातून किती पायॉन (क्वार्कांपासून बनलेले कण) निघतात ते मोजायचं आणि त्यावरून क्वार्कांचा वाटा काढायचा. २०२० चा आकडा या वाटेने आला होता. दुसरी वाट म्हणजे अवकाश आणि काळ यांची बारीक चौकडी करायची आणि महासंगणकावर सगळं मुळापासून मांडायचं. या वाटेने आलेला आकडा प्रयोगाच्या जवळ होता. त्यात २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या प्रयोगाने पायॉनांची जी मोजणी दिली ती आधीच्या प्रयोगांशी जुळेना, अगदी त्यांच्याच शहरातल्या जुन्या प्रयोगाशीसुद्धा. म्हणजे पहिली वाट आतून दुभंगली. म्हणून २०२५ मध्ये या विषयातल्या मंडळींनी एकत्र बसून महासंगणकाच्या वाटेचा आकडा स्वीकारला.

तर काका, तंटा मिटलेला नाही, त्याची जागा बदलली आहे. आधी तो प्रयोग आणि गणित यांच्यात होता, आता गणिताच्या दोन वाटांमध्ये आहे. आणि कुठलीही वाट शेवटी खरी ठरली तरी तिला फर्मीलॅबच्या आकड्यासमोर उभं राहावं लागेल.

प्रश्न असतील तर जरूर विचारा.

निशिगंध

फार सुंदर लिहिलंय. वाचनखूण साठवली आहे. २०२१ मध्ये बातम्यांत '४.२ सिग्मा' असं सारखं येत होतं, ते काय होतं? आणि तेव्हा एवढा गाजावाजा झाला तो चूक होता का?

कृत्तिका

@निशिगंध, सिग्मा म्हणजे नवं काहीच नसेल तर निव्वळ योगायोगाने एवढा फरक पडण्याची शक्यता किती, याचं माप. ४.२ सिग्मा म्हणजे साधारण ४०,००० त १. या क्षेत्रात शोध म्हणायला ५ सिग्मा लागतात, म्हणजे सुमारे ३५ लाखांत १. पण हे माप एक गोष्ट गृहीत धरतं, की दोन्ही बाजूंनी आपापली अनिश्चितता बरोबर सांगितली आहे. गणिताच्या बाजूची अनिश्चितता कमी धरली गेली असेल तर ४.२ ला अर्थ उरत नाही. गाजावाजा चूक नव्हता असं मला वाटतं. प्रयोगाने आपलं काम चोख केलं होतं आणि तसं सांगितलं.

खडकवासल्याचा_वारा

लेख आवडला, पण एक गोष्ट खटकते. प्रयोगाशी जुळत नाही म्हटल्यावर गणित बदललं आणि मग जुळलं. उत्तर माहीत असताना गणित सोडवलं तर ते जुळणारच. आमच्या वेळी परीक्षेत पुस्तकाच्या मागचं उत्तर बघून पायऱ्या लिहिणाऱ्याला गुण मिळत नसत.

कृत्तिका

@खडकवासल्याचा_वारा, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. तीन गोष्टी सांगते.

महासंगणकाच्या वाटेचा तो गाजलेला आकडा, बुडापेस्ट-मार्सेय-वुपर्टाल गटाचा, पहिल्यांदा फेब्रुवारी २०२० मध्ये सगळ्यांसमोर आला. तेव्हा फर्मीलॅबचा लिफाफा बंद होता. पुढे तो नियतकालिकात छापून आला तो मात्र ७ एप्रिल २०२१ लाच, फर्मीलॅबच्या पहिल्या निकालाच्याच दिवशी. अर्थात ब्रुकहेवनचा जुना आकडा सगळ्यांना माहीत होता, हे मान्य. म्हणूनच दुसरी गोष्ट महत्त्वाची : तेव्हा त्या गटावर कुणी चटकन विश्वास ठेवला नाही. नंतर वेगवेगळ्या देशांतल्या गटांनी वेगवेगळ्या पद्धतींनी, काहींनी स्वतःचा आकडा स्वतःपासून लपवून, तोच हिशोब केला आणि जवळपास तीच उत्तरं आली. चार-पाच वर्षं गेली यात.

तिसरी गोष्ट २००१ ची. सरांनी फळ्यावर रेघ मारली त्याच वर्षाच्या शेवटी फ्रान्समधल्या दोघा सिद्धांतकारांनी दाखवून दिलं की गणितातल्या एका पदाचं चिन्ह उलटं पडलंय. अधिक हवं तिथे वजा. ज्यांनी मूळ हिशोब केला होता त्यांनी, आणि त्यांत वर सांगितलेले किनोशिताही होते, पुन्हा तपासून चूक छापून कबूल केली. मोजलेला आणि काढलेला आकडा त्या एका चिन्हाने बरेच जवळ आले. तेव्हाही प्रयोगाचा आकडा जागचा हलला नव्हता. मला त्या कबुलीचं फार अप्रूप वाटतं. वर्गात वजाबाकीचं चिन्ह चुकलं की मुलं रडवेली होतात, तेव्हा मी त्यांना ही गोष्ट सांगते.

खडकवासल्याचा_वारा

लिफाफा बंद असताना आकडा समोर होता हे माहीत नव्हतं. आक्षेप अर्धा मागे घेतो. उरलेला अर्धा दोन्ही वाटा जुळतील तेव्हा.

कृत्तिका

अर्धा ठेवाच. त्या विषयातली मंडळीही तो ठेवूनच काम करताहेत.

सई_नेपरव्हिल

कृत्तिकाताई, धागा बघून राहवलं नाही. आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. फर्मीलॅब इथून जवळच, बटेव्हियाला. त्या आवारात गवे पाळलेले आहेत, मुलं लहान असताना ते बघायला आम्ही कितीदा तरी गेलोय. पण जुलै २०१३ मधली ती रात्र वेगळी होती.

तुम्ही ज्या कड्याबद्दल लिहिलंय ते आधी ब्रुकहेवनला, न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर होतं. फर्मीलॅबला म्युऑनांचा झोत जास्त चांगला मिळणार होता, आणि नवीन कडं बनवायला ते हलवण्याच्या साधारण दहापट खर्च आला असता. म्हणून ते इकडे आणायचं ठरलं. पण त्यातली अतिसंवाहक तारांची वेटोळी पंधरा मीटर रुंद आणि अखंड. कापता येत नाहीत, आणि काही मिलिमीटरच्या वर वाकली तरी निकामी. रस्त्याने एवढं अंतर शक्यच नाही. मग बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, चढवून अटलांटिकच्या किनाऱ्याने खाली, फ्लोरिडाला वळसा, आणि तिथून नद्यानद्यांनी वर इलिनॉयपर्यंत. सुमारे ५,००० किलोमीटर, महिनाभर.

शेवटचा टप्पा रस्त्याचा, तोही फक्त रात्री, रस्ते बंद करून. आम्ही धाकट्याला झोपेतून उठवून कडेवर घेऊन पुलावर उभे होतो. आधी पोलिसांच्या गाड्यांचे दिवे दिसले. मग पांढऱ्या आवरणात गुंडाळलेलं ते प्रचंड चाक, खाली अनेक चाकांची गाडी, चालत्या माणसाला मागे टाकणार नाही एवढाच वेग. दोन्ही बाजूंनी माणसं चालत होती, हातात विजेऱ्या, नजर कड्याच्या कडेवर. एका फांदीपाशी सगळं थांबलं. कुणीतरी हात वर केला, कुणीतरी फांदी बाजूला धरली आणि गाडी पुन्हा तसूभर तसूभर पुढे. कुणी बोलत नव्हतं. आपल्याकडे रथ वळणावरून नेताना मंडळी चाकाकडे बघत जातात तसं. माझ्या सासूबाई तेव्हा भारतातून आल्या होत्या. त्यांनी कड्याला हात जोडले. मी काही बोलले नाही, मलाही तसंच वाटत होतं.

मुलगा आता मोठा झालाय. त्याला हा धागा वाचून दाखवला. त्याला ती रात्र आठवत नाही, पण निकाल आलेला माहीत होता.

कृत्तिका

सई, मी यातलं फोटोंत पाहिलं होतं. ती फांदी आणि त्या विजेऱ्या फोटोत दिसत नाहीत. मनापासून आभार.

देवराई

सगळं छान आहे, पण स्पष्ट विचारतो. आमच्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकर येतो. आठव्या दशांशावर एवढा पैसा का? राग मानू नका.

ढगफुटी

@देवराई, कृत्तिकाताईंच्या आधी मी उत्तर देतो. म्युऑन हा नुसता आठव्या दशांशाचा विषय नाही. तो शेकडो मीटर दगडातून आरपार जातो, म्हणून त्याचा क्ष-किरणांसारखा उपयोग होतो. इजिप्तमधल्या खुफूच्या पिरॅमिडमध्ये कुठेही भोक न पाडता, फक्त आरपार येणारे म्युऑन मोजून, किमान ३० मीटर लांबीची पोकळी सापडली. ते २०१७ मध्ये जाहीर झालं.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर उटीचं घ्या. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा तिथे ग्रेप्स-३ नावाचा प्रयोग आहे. ५६० चौरस मीटरचा म्युऑन शोधक. १ डिसेंबर २०१४ ला डोक्यावर वादळी ढग आला आणि म्युऑनांची संख्या खाली घसरली. किती घसरली त्यावरून त्यांनी हिशोब केला की ढगात १३० कोटी व्होल्टचा फरक तयार झाला होता. ढगात फुगे किंवा विमान पाठवून एवढं कधीच मोजता आलं नव्हतं. याच संस्थेच्या लोकांनी साठच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून खोल उपकरणं नेली होती. इतकं खोल की वरचे म्युऑन जवळजवळ संपतात. तिथे १९६५ मध्ये न्यूट्रिनोंनी, म्हणजे जवळजवळ कशालाच न अडणाऱ्या कणांनी, खडकात निर्माण केलेले म्युऑन पाहिले.

कृत्तिका

@देवराई, राग कसला. ढगफुटींनी उपयोगाचं सांगितलं ते खरंच आहे, पण फक्त त्याच्या आडून मी उत्तर देणार नाही. जी वजा दोनचा स्वतःचा असा उपयोग आज मला सांगता येणार नाही. तो टँकर बंद करणार नाही. पण टँकर येतो त्याचं कारण हा प्रयोग आहे असंही मला वाटत नाही. माझ्या वर्गात टँकरच्या गावातून येणाऱ्या मुली आहेत. पोकळी रिकामी नसते हे ऐकल्यावर त्यांचे चेहरे मी पाहिलेत. ते ज्ञान त्यांच्यासाठी नाही असं मी कधीच म्हणणार नाही.

देवराई

पटलं असं म्हणत नाही, पण सरळ उत्तर दिलंत हे आवडलं. मुलींना माझ्याकडून शुभेच्छा.

गणिताचे_गुरुजी

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवी-आठवीला शिकवतो. ताई, म्युऑन मुलांना डोळ्यांनी दाखवता येईल का? आमच्याकडे साहित्य फारसं नाही.

कृत्तिका

गुरुजी, येईल! अभ्रकोष्ठ करा, क्लाउड चेंबर. मी दरवर्षी करते. काचेची मासे ठेवायची टाकी किंवा मोठी पारदर्शक प्लास्टिकची बरणी घ्या. तळाशी नमद्याची जाड पट्टी चिकटवा आणि ती आयसोप्रोपिल अल्कोहोलने चिंब भिजवा. साधं सॅनिटायझर चालत नाही, ९९ टक्क्यांचं लागतं. काळा रंग दिलेला ॲल्युमिनियमचा पत्रा ड्राय आइसवर ठेवा आणि त्यावर टाकी उपडी घाला, म्हणजे नमदा वर आणि थंडगार पत्रा खाली. कडा मातीने किंवा चिकटपट्टीने बंद करा. खोली अंधारी करून बाजूने विजेरीचा झोत सोडा आणि दहा-पंधरा मिनिटं धीर धरा.

ड्राय आइस कार्यक्रमांत धूर सोडणाऱ्या मंडपवाल्यांकडे विचारा, नाहीतर मासळी किंवा औषधं थंड ठेवून पाठवणाऱ्यांकडे. उणे ७८ अंश असतं. मुलांना हात लावू देऊ नका, तुम्ही जाड हातमोजे घाला. खिडक्या उघड्या ठेवून पडदे ओढा, आणि अल्कोहोलजवळ काडी पेटवू नका.

आधी नुसती भुरभुर दिसेल, पावसाच्या तुषारांसारखी. मग पत्र्यालगत अचानक एक बारीक पांढरी रेघ उमटेल आणि वाऱ्यावर विरेल. आखूड आणि जाड रेघा म्हणजे अल्फा कण, हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूचे. वेड्यावाकड्या पातळ रेघा इलेक्ट्रॉनच्या. लांब, पातळ आणि अगदी सरळ, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलेली रेघ बहुधा म्युऑनची. ती पहिली रेघ मुलं पाहतात तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐका.

गणिताचे_गुरुजी

तीन आठवड्यांनी लिहितोय. केलं. ड्राय आइस एका मंडपवाल्याने पैसे न घेता दिला. पहिल्यांदा काहीच दिसलं नाही, कड बंद झाली नव्हती. चिखल लावून पुन्हा केलं. बाराव्या मिनिटाला पहिली रेघ. चाळीस मुलं टाकीभोवती, आणि प्रत्येक सरळ रेघेला सगळे एका सुरात "गेला!" म्हणायचे. पस्तीस मोजल्या, मग बर्फ संपला.

आठवीतल्या एका मुलीने प्रश्न विचारला, त्याचं उत्तर मला नीट देता आलं नाही. ती म्हणाली, गुरुजी, म्युऑन दोन मायक्रोसेकंदच जगतो असं तुम्ही सांगितलं. पंधरा किलोमीटर वरून इथे यायला त्याला वेळ पुरला कसा? तिने पाटीवर गुणाकार करून दाखवला, प्रकाशाच्या वेगाने धावला तरी ६६० मीटर. मी तिला सांगितलं की उत्तर आणून देतो.

कृत्तिका

गुरुजी, तिला सांगा की तिचा गुणाकार बरोबर आहे. ६६० मीटरच येतात. याचं उत्तर असं की वेगाने धावणाऱ्या वस्तूचा काळ आपल्या घड्याळाच्या मानाने हळू चालतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या सर्वसाधारण म्युऑनचा काळ जवळपास चाळीस पट मंदावलेला असतो. आपल्या घड्याळात त्याला पंधरा किलोमीटर यायला ५० मायक्रोसेकंद लागतात. त्याच्या स्वतःच्या घड्याळात साधारण एक ते सव्वा. म्हणून तो पोहोचतो. फर्मीलॅबच्या कड्यातही हेच होतं. तिथे तो २९ पट मंदावतो आणि २.२ ऐवजी ६४ मायक्रोसेकंद टिकतो, म्हणूनच शेकडो फेऱ्या मोजायला मिळतात.

आणि हे तिला आवर्जून सांगा : असा जड कण फुटणारा असेल तर त्याच्या आयुष्यावर काळाचा हा परिणाम दिसला पाहिजे, हे १९३८ मध्ये ज्यांनी लिहून ठेवलं ते होमी भाभा. तेव्हा ते केंब्रिजला होते, वय २८. तिने पाटीवर जो गुणाकार केला त्याच वाटेने ते गेले होते.

गणिताचे_गुरुजी

उद्या पहिल्या तासाला सांगतो.